अडीच फुटांवर

लातूरला, औसा रोडच्या मागल्या प्लॉटिंगमध्ये
शिवगंगा बिराजदार मॅडमचं घर मी आतून करायला घेतलं,
तेव्हा माझ्या बॅगेत लॅमिनेटचे सत्तावीस नमुने होते
आणि घर कसं असावं याचं तयार उत्तर.

मॅडम झेडपीच्या शाळेत गणित शिकवतात.
हॉलमधले तीन निळे ड्रम त्यांनी आधी दाखवले.
"हे हलायचे नाहीत. नळ दहा दिवसांनी येतोय.
काय सजवायचं ते यांच्या भोवतीनं सजवा."
बरं, म्हटलं. ड्रमांवर सागाची फळी, फळीवर खणाचं कापड;
पाण्यावरच जेवायला बसतील माणसं.

झोपायच्या खोलीसाठी मात्र मी मनापासून काढलं होतं:
पलंगावर लॉफ्ट, छताला पीओपीची कमळं, मधोमध झुंबर.
पोरांची वही तपासावी तसा त्यांनी कागद तपासला.
लॉफ्ट खोडला.
झुंबर खोडलं.
उशामागची भलीमोठी फ्रेमही.
"दार बाहेर उघडू द्या."
बाहेर उघडलं तर बोळ अडतोय, मॅडम.
"अडू द्या."

रशीदचाचा गवंडी पायरीवर चहा पीत होते.
बशीत फुंकर घालत हळूच म्हणाले,
"किल्लारीकडल्या हायेत त्या.
त्र्याण्णवला मी तिकडं दगडं उचलायलो होतो, पोरी."
पुढं बोलले नाहीत. चहा संपवला. बशी पालथी घातली.

मी त्र्याण्णवला जन्मलेलेही नव्हते.
पण त्या दिवशी माझ्या यादीतले साधे शब्द जड झाले.
छत. भिंत. माळा.
एकेक उचलून बघत होते,
खाली कुणी आहे का.

मग काय, खोली जवळजवळ रिकामी ठेवली.
पलंग दाराच्या तोंडाशी,
छताला नुसता पांढरा चुना,
कपाट कमरेएवढं.
मला वाटलं, झालं.

"एक राहिलं," मॅडम म्हणाल्या.
"भिंतीत एक देवळी पायजे."
मी टेप काढला. देवळी साडेचार फुटांवर घेतात,
दिवा लावायला हात सहज पोचतो.
त्यांनी हात खाली नेला.
अजून खाली.
मांडीपाशी थांबला.
"इथं."

इतक्या खाली? वाकावं लागेल तुम्हाला.
"मी नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या,
जणू परवाची गोष्ट, जणू अजून उंची वाढायची आहे.
"माळवदाचं घर. हातभर रुंद भिंती.
पलंगाखाली शिरलं की समोर माझी देवळी.
चिंचोके ठेवायचे त्यात. एकशे बारा होते."
गणिताच्या बाई. आकडा चुकणार नाही.

रशीदचाचांनी मूळ भिंतीला हात लावला नाही.
पुढ्यात विटांची आडवी भिंत उभारली, नुसती देवळीसाठी,
कुठलंच वजन न पेलणारी.
आत पांढरी माती लिंपली. कुठून आणली, विचारलं नाही.
कडा बोटाने गोल केल्या.
बिलात ही भिंत कशात धरायची मला सुचेना.

वास्तुशांतीला गेले तर देवळीत काहीच नव्हतं.
दिवा नाही, मूर्ती नाही.
मॅडम पाहुण्यांच्या गर्दीतून आल्या,
जरीचं काठाचं लुगडं सावरत जमिनीवर बसल्या
आणि रिकाम्या देवळीत कोपरापर्यंत हात घातला.
बराच वेळ तसाच.
बाहेर कुणीतरी ओरडत होतं, मॅडम, गुरुजी बोलवायलेत.

रात्री माझ्या भाड्याच्या खोलीत परतले.
वडील एसटीत. उदगीर, गंगाखेड, कळंब, पुन्हा उदगीर.
दर बदलीला खोकी तीच, भिंती नव्या.
दोन खोकी अजून सुतळीनं बांधलेली आहेत,
त्यातल्या एकात काय आहे मला आठवत नाही.

टेप उघडून भिंतीपाशी उभी राहिले.
हात खाली नेला, वर नेला,
कुठेच थांबेना.

मग सुतळी कापली.